शांति, धैर्य व विवेक मागणारी एक ख्रिस्ती प्रार्थना : तिचा कर्ता व तिचा काळ

ईश्वराजवळ धनधान्य किंवा आरोग्य न मागतां विवेक, अपरिहार्य गोष्टींचा शांतपणें स्वीकार करण्याचें बळ आणि पुढील वाट दिसण्यापुरता प्रकाश एवढेंच मागावें, अशा आशयाच्या प्रार्थनांची ख्रिस्ती संप्रदायांत एक जुनी परंपरा आहे. त्यांपैकीं एक लहानशी प्रार्थना विसाव्या शतकांत जगभर पसरली. भिंतीवरील तसबिरींत, खिशांतील कार्डांवर, लढाईवर गेलेल्या शिपायांच्या पुस्तकांत व व्यसनमुक्तांच्या सभांत ती सारखीच आढळते. असें असूनहि ती कोणीं व केव्हां रचिली ह्याविषयीं सुमारें पाऊणशें वर्षें मतभेद चालला, आणि त्याचा बराचसा उलगडा झाला तो एका बाईच्या रोजनिशींतील लहानशा टिपणानें. जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या वाचकांस हा विषय दूरचा वाटला तरी त्यांतील पेंच अगदीं घरचे वाटतील, म्हणून तो येथें सविस्तर मांडण्याचें योजिलें आहे.

ह्या परंपरेचें मूळ शलमोन राजाच्या कथेंत सांपडतें. जुन्या करारांतील राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायांत सांगितलें आहे कीं, गिबोन येथें शलमोनास स्वप्नांत परमेश्वराचें दर्शन झालें व वर मागण्याची आज्ञा झाली. तेव्हां दीर्घायुष्य, संपत्ति किंवा शत्रूंचा नाश ह्यांतील कांहींहि न मागतां त्यानें प्रजेचा न्याय करण्यासाठीं समंजस अंतःकरण मागितलें. पुढें ह्याच प्रसंगावर एक विस्तृत प्रार्थना रचिली गेली. ती 'शलमोनाचें ज्ञान' ह्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायांत आहे, आणि शलमोन स्वतःच बोलत आहे अशा रीतीनें ती लिहिलेली आहे. पण हा ग्रंथ मूळचा ग्रीक भाषेंतला ! शलमोन ख्रिस्तपूर्व दहाव्या शतकांतला व हिब्रू बोलणारा. ग्रंथ त्याच्यामागून आठनऊशें वर्षांनीं, बहुधा आलेक्झांड्रियांतील एखाद्या ग्रीकशिक्षित यहुदी पंडितानें लिहिलेला. बायबलाचें लॅटिन भाषांतर करणारा संत जेरोम (मृत्यु इ. स. ४२०) ह्याच्या नजरेंतून ही गोष्ट सुटली नव्हती, ग्रंथाची शैली ग्रीक वक्त्यांच्या वळणाची आहे असें त्यानें स्पष्ट नमूद केलें आहे. कॅथॉलिक पंथ हा ग्रंथ बायबलांत धरतो. प्रॉटेस्टंट तो परिशिष्टांत घालतात किंवा गाळतात. प्रार्थनेची थोरवी त्यामुळें उणी होत नाहीं. परंतु विवेकाच्या प्रार्थनांत कर्तृत्वाचा घोंटाळा अगदीं प्रारंभापासून आहे, एवढें ह्यावरून ध्यानांत यावें.

आतां प्रस्तुत प्रार्थनेकडे वळूं. इंग्रजींत ती 'सेरेनिटी प्रेअर' म्हणजे शांतिप्रार्थना ह्या नांवानें ओळखली जाते. तिच्यांत मागण्या तीनच : अपरिहार्याचा शांत स्वीकार, पालट घडविण्याचें धैर्य, आणि ह्या दोहोंतील भेद ओळखणारा विवेक. १९३५ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ह्या मद्यपानमुक्तांच्या संस्थेनें ती आपलीशी केली. हकीकत अशी कीं, १९४१ सालीं 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून' ह्या दैनिकाच्या मृत्युवार्तांच्या स्तंभांत कोणा मृताच्या स्मरणार्थ ती छापून आली होती. संस्थेच्या एका सभासदाच्या ती दृष्टीस पडली, आणि थोड्याच दिवसांत तिचीं छापील कार्डें संस्थेच्या टपालांतून गांवोगांव जाऊं लागलीं. संस्थेच्या सभा आज आपल्या महाराष्ट्रांतहि भरतात, व प्रार्थना त्यांच्याबरोबर येथवर आलेली आहे.

त्या मृत्युवार्तेखालीं कर्त्याचें नांव नव्हतें. मजकूर मोठा, शब्द थोडे, आणि नांव नाहीं. मग कर्ते किती पुढें आले असतील? ॲरिस्टॉटल, संत ऑगस्टीन, संत थॉमस ॲक्वायनस, स्पिनोझा, बोएथियस, असिसीचा संत फ्रान्सिस अशी मोठमोठीं नांवें घेतलीं गेलीं. कोणीं तर ती प्राचीन संस्कृत ग्रंथांतून आल्याचेंहि सांगितलें. आपल्याकडील पदें व अभंग ह्यांच्या अखेरीस कर्त्याची नाममुद्रा असते, तरीहि विष्णुदास नाम्याच्या रचना नामदेवाच्या गाथेंत मिसळून गेल्या. जेथें मुद्राच नाहीं तेथें काय होणार हें सांगावयास नको. लोकप्रिय वचन नेहमीं आपल्याहून जुन्या व आपल्याहून मोठ्या माणसाच्या घरीं दत्तक जातें. उलट दिशेनें, म्हणजे थोराकडून सामान्याकडे, असा प्रवास प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यांत नाहीं.

ह्या दत्तकविधानांपैकीं एक फार मौजेचें आहे. पश्चिम जर्मनींत ही प्रार्थना फ्रिड्रिख क्रिस्टोफ एटिंगर (१७०२–१७८२) ह्या स्वाबियांतील भक्तिमार्गी पंडिताच्या नांवावर दृढ झाली. अठराव्या शतकांतला पुरुष, धर्मशास्त्रज्ञ, भाषा जर्मन. शंका घेण्यास जागाच दिसेना. वस्तुस्थिति अशी होती कीं, दुसऱ्या महायुद्धानंतर थिओडोर व्हिल्हेल्म नांवाच्या एका शिक्षणशास्त्रज्ञाच्या हातीं ही प्रार्थना कॅनडाकडून आली. हे गृहस्थ पुढें कील येथील विद्यापीठांत अध्यापक झाले. त्यांनीं १९५१ सालीं राजकीय शिक्षणावर एक पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत प्रार्थनेचें जर्मन रूप घातलें, आणि पुस्तकावर आपलें टोपणनांव घातलें तें 'फ्रिड्रिख एटिंगर' ! वाचकांनीं टोपणनांवाचा संबंध दोनशें वर्षांपूर्वींच्या खऱ्या एटिंगरशीं जोडला, आणि एका पिढींत प्रार्थना अठराव्या शतकांतली ठरली. नामसादृश्यानें दोन पुरुषांचा एक पुरुष होणें ही गोष्ट आपल्या वंशावळींच्या अभ्यासकांस नवी नाहीं. पण टोपणनांवामुळें ती घडल्याचें इतकें स्वच्छ उदाहरण विरळा.

अमेरिकेंत मात्र बहुतेकांचें बोट एकाच व्यक्तीकडे होतें. ती व्यक्ति म्हणजे रे. राइनहोल्ड नीबूर (१८९२–१९७१). जन्म मिसूरी प्रांतांत; १९१५ ते १९२८ पर्यंत डेट्रॉइट शहरीं धर्मोपदेशक, आणि त्यानंतर १९६० पर्यंत न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरींत अध्यापक. मोटारीच्या कारखान्यांतील मजुरांची हालत त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेली होती, व समाजाचें पाप आणि व्यक्तीचें पुण्य ह्यांचा संबंध हा त्यांच्या ग्रंथांचा मुख्य विषय होय. त्यांच्या घरची परंपरा कन्या एलिझाबेथ सिफ्टन ह्यांनीं २००३ सालीं एका स्वतंत्र पुस्तकांत नोंदविली. तिच्या मतें, मॅसॅच्युसेट्स प्रांतांत हीथ नांवाचें जें खेडें आहे तेथें कुटुंब उन्हाळ्यांत राहत असे. १९४३ च्या उन्हाळ्यांत तेथील चर्चांतील उपासनेसाठीं वडिलांनीं ही प्रार्थना लिहिली. शेजारीं राहणारे रे. हॉवर्ड चँडलर रॉबिन्स ह्यांनीं तिची प्रत मागून घेतली, आणि १९४४ सालीं 'फेडरल कौन्सिल ऑफ चर्चेस' ह्या संस्थेनें सैनिकांसाठीं काढलेल्या प्रार्थनापुस्तकांत ती छापविली.

साक्षीदार घरचा, प्रामाणिक व सुशिक्षित. परंतु साक्ष प्रसंगानंतर साठ वर्षांनीं दिलेली, आणि प्रसंगाच्या वेळीं साक्षीदार लहान मूल होता. शिवाय वर सांगितलेली मृत्युवार्ता १९४१ सालची आहे. १९४३ मध्यें रचिलेली प्रार्थना १९४१ मध्यें छापली कशी गेली ? ह्या एका प्रश्नासरशी सालाची इमारत ढांसळते. तेवढ्यानें कर्तृत्वहि ढांसळतें काय, हा पुढचा प्रश्न.

तो प्रश्न उघडपणें विचारणारे गृहस्थ फ्रेड शपिरो. हे येल विद्यापीठाच्या कायदेशाळेंतील ग्रंथपाल असून प्रसिद्ध वचनांचा एक मोठा प्रमाणकोश त्यांनीं २००६ सालीं संपादिला. वचन कोणाचें असें म्हटलें जातें हें न पाहतां तें प्रथम कोठें छापलेलें सांपडतें हें पाहावयाचें, ही त्यांची पद्धति. जुन्या वर्तमानपत्रांचे लक्षावधि अंक अलीकडे यंत्राच्या साहाय्यानें शब्दवार शोधतां येऊं लागले आहेत. त्यांतून शपिरो ह्यांना १९३६ पासूनचे कित्येक उल्लेख मिळाले. ते त्यांनीं २००८ सालीं येलच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केले. एकाहि उल्लेखांत नीबूर ह्यांचें नांव नव्हतें. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी कीं, प्रार्थना म्हणणाऱ्या किंवा सांगणाऱ्या व्यक्ति बहुतेक सर्व स्त्रिया होत्या. कोणी शाळेशीं संबंध असलेल्या, कोणी लोकसेवेच्या मंडळांत, कोणी तरुण स्त्रियांच्या ख्रिस्ती संघांत, म्हणजे 'वाय. डब्ल्यू. सी. ए.'मध्यें काम करणाऱ्या, आणि त्या अमेरिकेच्या निरनिराळ्या भागांतल्या. ह्यावरून शपिरो ह्यांनीं असा कयास बांधला कीं, नीबूर ह्यांनीं कोठेंतरी ऐकलेली प्रार्थना त्यांच्या नकळत त्यांच्या मनांत राहिली असावी, व पुढें ती त्यांना आपलीच वाटली असावी.

श्रीमती सिफ्टन ह्यांचें उत्तर त्याच अंकांत आहे. आपले वडील १९३० नंतरच्या दशकांत विद्यार्थ्यांच्या व स्त्रियांच्या ख्रिस्ती संघांपुढें देशभर व्याख्यानें देत व प्रार्थना चालवीत हिंडत होते. तेव्हां त्यांच्या तोंडून ऐकलेली प्रार्थना ह्या स्त्रियांनीं पुढें पसरविली असणें स्वाभाविक आहे, असें त्यांचें म्हणणें. येथें वाचकानें थांबून विचार करावा. उपलब्ध पुरावा दोघांपुढें एकच आहे. स्त्रियांचीं नांवें एकास नीबूर-कर्तृत्वाविरुद्ध दिसतात, तर दुसरीस तीं त्याला पोषक दिसतात. नीबूर स्वतः ह्या बाबतींत फार सावध बोलत असत. ही प्रार्थना कदाचित् आधींपासून कोठें फिरत असेल, परंतु मला ती माझीच वाटते, अशा अर्थाचें त्यांचें म्हणणें होतें. तिच्यावर त्यांनीं स्वामित्वाचा हक्क कधीं बजावला नाहीं. आणि व्यसनमुक्तांच्या संस्थेच्या मासिकानें १९५० च्या जानेवारींतच प्रार्थना नीबूर ह्यांची असून ती सुमारें १९३२ सालची असल्याचें छापलें होतें. पण घरच्या परंपरेच्या वजनापुढें त्या सालाकडे कोणी लक्ष दिलें नाहीं.

वादाचा निकाल पुढें दोन पायऱ्यांनीं लागत गेला. २००९ सालीं ड्यूक विद्यापीठाच्या ग्रंथालयांतील स्टीफन गोरान्सन ह्यांनीं १९३७ सालचें एक ख्रिस्ती विद्यार्थिपत्र शोधून काढलें. त्यांत प्रार्थना नीबूर ह्यांच्या नांवावर स्पष्ट दिलेली आहे. म्हणजे कर्तृत्वाचा उल्लेख १९४३ च्या सहा वर्षें मागें गेला. शपिरो ह्यांनीं आपलें मत त्याच वेळीं सैल केलें. नंतर २०१४ सालीं त्यांनीं स्वतःच निर्णायक साधन पुढें आणलें, व आपल्या पहिल्या कयासाविरुद्ध निकाल दिला. आपल्या शंकेचें खंडन करणारा कागद आपणच शोधून आपणच छापणें ही संशोधकास भूषणावह गोष्ट आहे. आणि हेंहि म्हटलें पाहिजे कीं ती शंका कोणीं घेतली नसती तर हा कागद उघडून पाहण्याचें कोणास कारण पडलें नसतें.

हा कागद म्हणजे विनिफ्रेड विगल ह्यांची रोजनिशी. श्रीमती विगल वाय. डब्ल्यू. सी. ए.च्या कार्यकर्त्या, नीबूर ह्यांच्या शिष्या व सहकारी. त्यांचे कागद हार्वर्ड विद्यापीठाच्या श्लेसिंजर ग्रंथालयांत आहेत; हें ग्रंथालय मुख्यतः अमेरिकन स्त्रियांच्या इतिहासाचीं साधनें जतन करतें. रोजनिशींत ३१ ऑक्टोबर १९३२ ह्या तारखेखालीं 'आर्. एन्.' ह्या आद्याक्षरांनीं गुरूचा निर्देश करून त्यांचीं वचनें टिपलेलीं आहेत. त्यांपैकीं एका वचनांत शांत स्वीकार व पालट घडविण्याचें धैर्य हे दोन गुण संकटसमयीं टिकून राहणाऱ्या माणसाचीं लक्षणें म्हणून सांगितले आहेत. कागद समकालीन, तारीख दिलेली, हस्ताक्षर टिपणाऱ्या व्यक्तीचें, आणि टिपण प्रसिद्धीसाठीं केलेलें नव्हे. आपल्या परिभाषेंत हा अव्वल दर्जाचा पुरावा झाला.

परंतु ह्या टिपणाचें बारकाईनें वाचन केल्यास दोन गोष्टी दिसतात, व त्यांकडे पुरेसें लक्ष दिलें जात नाहीं असें प्रस्तुत लेखकास वाटतें. पहिली, तें वाक्य प्रार्थना नव्हे. तें विधान आहे. दुसरी, त्यांत दोनच अंगें आहेत. तिसरें अंग, म्हणजे विवेक, त्यांत नाहीं. तीन अंगांची पूर्ण प्रार्थना प्रथम मिळते ती त्यानंतर चारपांच महिन्यांनीं, १९३३ च्या मार्चांत, आणि तीहि श्रीमती विगल ह्यांच्याच एका लेखांत. मधल्या काळांत विधानाची प्रार्थना कोणीं केली, व विवेकाची मागणी कोणीं जोडली ? गुरूनेंच पुढें एखाद्या उपासनेंत ती पूर्ण रूपांत म्हटली व शिष्येनें ऐकली, हा एक पक्ष. गुरूच्या वचनास शिष्येनें प्रार्थनेचें रूप दिलें, हा दुसरा. शपिरो पहिल्या पक्षाकडे झुकतात, आणि त्यास सबळ कारण आहे : श्रीमती विगल ह्यांनीं १९४० सालीं उपासनेच्या आखणीवर जें पुस्तक लिहिलें त्यांत ही प्रार्थना नीबूर ह्यांची म्हणूनच दिली आहे. ज्या व्यक्तीस कर्तृत्वावर हक्क सांगतां आला असता तीच दुसऱ्याचें नांव सांगते, तेव्हां त्या साक्षीस मोल द्यावें लागतें.

तथापि शिष्य आपल्या हातची भर गुरूच्या नांवावर घालतो, हा अनुभवहि आपल्या वाङ्मयांत थोडाथोडका नाहीं. ज्ञानेश्वरीचा लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचें नांव येतें, तुकोबांच्या अभंगांच्या वह्या संताजी जगनाडे ह्यांच्या हातच्या म्हणून प्रसिद्ध आहेत. लेखकाचा हात कोठें संपला व कवीचा कोठें सुरू झाला हें ठरविण्यांत आपल्या विद्वानांचीं आयुष्यें गेलीं आहेत. म्हणून प्रस्तुत लेखकाचें मत असें : विचार नीबूर ह्यांचा, ह्याविषयीं आतां शंका नाहीं, प्रार्थनेचें सर्वांत जुनें उपलब्ध लेखन मात्र विगल ह्यांचें, आणि प्रार्थनेच्या इतिहासांत त्यांचें नांव नीबूर ह्यांच्या शेजारीं लिहिलें गेलें पाहिजे. पाऊणशें वर्षें तें कोणींच लिहिलें नव्हतें. 

पाठभेदांचा विचार केला असतां कांहीं उपयुक्त गोष्टी हातीं येतात. १९३३ च्या पाठांत धैर्याची मागणी आधीं येते, शांतीची मागाहून. आज सर्वत्र रूढ असलेल्या पाठांत शांति पहिली. जुन्या पाठांत विवेकासाठीं जो इंग्रजी शब्द आहे त्याचा अर्थ अंतर्दृष्टि असा होतो. 'ज्ञान' ह्या अर्थाचा प्रचलित शब्द नंतरचा. जुना पाठ अनेकवचनी आहे, म्हणजे मागणारी ती उपासनेस जमलेली मंडळी. व्यसनमुक्तांच्या कार्डांवर तें एकवचन झालें, व मागणारा एकटा उरला. नीबूर ह्यांनीं स्वतः पसंत केलेल्या पाठांत शांतीच्या आधीं ईश्वरी कृपेचा उल्लेख आहे. प्रचलित पाठांतून कृपा गळाली. आणि सर्वांत महत्त्वाचा भेद धैर्याच्या कलमांत आहे. जुन्या पाठांत जें पालटलें 'पाहिजे' त्यासाठीं धैर्य मागितलेलें आहे. प्रचलित पाठांत जें मला पालटतां 'येईल' त्यासाठीं. एका क्रियापदानें अर्थाची सारी दिशा फिरते. जें पालटलें पाहिजे तें आपल्या शक्तीबाहेरचें असलें तरी त्याची जबाबदारी सुटत नाहीं. जें पालटतां येईल तेवढ्यापुरतेंच धैर्य मागणारा माणूस आपलें कर्तव्य आपल्या शक्तीच्या मापानें कापून घेतो. दारूच्या व्यसनाशीं झगडणाऱ्या एकट्या माणसास दुसरा पाठ अधिक जवळचा वाटला ह्यांत नवल नाहीं, आणि त्यास दोष देण्याचेंहि कारण नाहीं. पण मजुरांच्या प्रश्नावर व नाझी राज्यावर लिहिणाऱ्या ग्रंथकाराची लेखणी पहिल्या पाठांत ओळखूं येते. कठीण पाठ मूळचा व सुलभ पाठ मागाहूनचा, हा पोथ्यांच्या चिकित्सेंतील जुना नियम येथेंहि लागू पडतो. प्रार्थनेच्या पुढें जोडलेला लांब भाग, ज्यांत एकेक दिवस जगण्याची गोष्ट येते, तो १९३० नंतरच्या दशकांतील जुन्या पाठांत नाहीं. त्यास प्रक्षिप्त समजून बाजूस ठेवावा.

विचाराच्या जुन्या सादृश्यांविषयीं थोडें. एपिक्टेटस ह्या स्टोइक तत्त्ववेत्त्याच्या लहान ग्रंथाचा आरंभच आपल्या हातचें व हाताबाहेरचें ह्या विभागणीनें होतो. आपल्याकडे शांतिदेवाच्या 'बोधिचर्यावतारा'च्या सहाव्या परिच्छेदांत, उपाय असेल तर खेद कशाला आणि नसेल तरीहि कशाला, अशा अर्थाचा श्लोक आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतील अपरिहार्याविषयींचा विचार सर्वांस ठाऊकच आहे. अकराव्या शतकांतील यहुदी कवि इब्न गबिरोल ह्याच्या नांवावरील सुभाषितसंग्रहांतहि असा आशय येतो. संस्कृत उगमाची वदंता अशाच कांहीं साम्यावरून उठली असावी. परंतु विचारसाम्य निराळें व वंशसंबंध निराळा. दोन गांवांतील विहिरींचें पाणी सारखें गोड लागलें म्हणून त्यांच्यामध्यें कालवा होता असें ठरत नाहीं.

मार्गदर्शन व आत्मसमर्पण मागणारी दुसरी जगप्रसिद्ध प्रार्थना असिसीच्या संत फ्रान्सिसच्या (मृत्यु १२२६) नांवानें चालते. आपणांस शांतीचें साधन कर, अशी तीत ईश्वरास विनंति आहे. मदर तेरेसा ह्यांनीं १९७९ सालीं ओस्लो येथें नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानाच्या वेळीं तीच म्हणविली होती. ह्या प्रार्थनेचा शोध फ्रेंच इतिहासकार क्रिस्तियां रनू ह्यांनीं घेऊन २००१ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. सर्वांत जुना पाठ पॅरिसच्या 'ला क्लोशेत', म्हणजे 'लहानशी घंटा', ह्या नांवाच्या एका धार्मिक मासिकाच्या डिसेंबर १९१२ च्या अंकांत, कर्त्याच्या नांवावांचून आहे. मासिकाचे संपादक फादर एस्तेर बूकरेल हे होते. १९१६ च्या जानेवारींत, महायुद्ध चाललें असतां, व्हॅटिकनच्या 'ऑसर्व्हातोरे रोमानो' ह्या पत्रानें ती छापली. फ्रान्सिसच्या स्वतःच्या लेखनाच्या चिकित्सक आवृत्तींत ती नाहीं.

मग फ्रान्सिसचें नांव आलें कोठून ? त्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास रांस शहरांतील एका कापुचिन साधूनें ती एका चित्राच्या मागील बाजूस छापली. चित्र होतें संत फ्रान्सिसचें. प्रार्थनेखालीं नांव नव्हतेंच; पण पान उलटलें कीं फ्रान्सिस दिसे. १९२७ सालीं फ्रान्समधील एका प्रॉटेस्टंट शांतिसंघानें ती त्याच्या नांवावर घातली, व १९३६ सालीं अमेरिकेंत कर्बी पेज ह्यांनीं इंग्रजी भाषांतर त्याच नांवानें प्रसिद्ध केलें. आपल्या बाडांत एका थोर कवीच्या पदांनंतर निनांवी पद नकललें कीं पुढचा नकलकार त्यास त्याच कवीची मुद्रा लावून मोकळा होतो. त्याचीच ही छापील आवृत्ति. बाल्टिमोर येथील जुन्या सेंट पॉल चर्चची गोष्ट ह्याहून सोपी आहे. मॅक्स एर्मन ह्यांचें १९२७ सालचें 'डेसिडेराटा' हें गद्यकाव्य तेथील धर्मोपदेशकानें चर्चच्या कागदावर छापून वांटलें. कागदाच्या माथ्यावर चर्चचें स्थापनावर्ष १६९२ असें होतें. लोकांनीं तें रचनेचें वर्ष धरलें. संग्राहकांनीं कागदाच्या दोन्ही बाजू, समास व शीर्षक ह्यांची छायाचित्रें घ्यावींत, निवळ मजकुराची नक्कल करून थांबूं नये, हा आग्रह अशा वेळीं सार्थ वाटतो.

अशा साधनांची आयुर्मर्यादाहि फार थोडी असते. रोज हातांत घेतलेला कागद झिजतो, व झिजल्यावर टाकला जातो. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें ख्रिस्तपुराण १६१६, १६४९ व १६५४ असें तीन वेळां छापलें गेलें असतां त्या छापांपैकीं एकहि प्रत उपलब्ध नाहीं. ग्रंथ टिकला तो भाविक कुटुंबांतील हस्तलिखितांच्या द्वारें, व त्यांवरूनच १९०७ सालीं मंगळूर येथें पुन्हां छापला गेला. प्रार्थनेच्या कार्डांची गति ह्याहून निराळी कशी असणार ? नीबूर-प्रार्थनेचा उलगडा कार्डावरून झाला नाहीं, रोजनिशीवरून झाला, ह्याचें कारण हेंच.

तिसरें उदाहरण केवळ तुलनेसाठीं देतों, कारण तेथें कर्त्याविषयीं वाद नाहीं. अंधारांत वाट दाखविणाऱ्या प्रकाशास उद्देशून जॉन हेन्री न्यूमन ह्यांनीं लिहिलेलें प्रार्थनागीत महात्मा गांधींस अत्यंत प्रिय होतें, व त्याचें गुजराथी रूपांतर नरसिंहराव दिवेटिया ह्यांनीं केलें. न्यूमन १८३३ सालीं सिसिलींत मरणाच्या दारीं जाऊन आले होते. पालेर्मोहून मार्सेय्यला नारिंगें घेऊन जाणारें गलबत बोनिफाचोच्या सामुद्रधुनींत वारा पडल्यामुळें अडकून पडलें असतां १६ जून रोजीं त्यांनीं तें लिहिलें. स्थळ, तारीख, प्रसंग, सर्व कांहीं कर्त्याकडूनच ठाऊक. तरीहि भाविकांचा हात त्यास लागलाच : एडवर्ड हेन्री बिकरस्टेथ ह्यांनीं आपल्या गीतसंग्रहांत त्यास एक चौथें कडवें जोडलें, आणि तें आपलें नव्हे असें न्यूमन ह्यांना सांगावें लागलें. जे मूळचें तीन कडव्यांचें होतें त्यांतील शेवटच्या दोन ओळींचा अर्थ काय, असें १८७९ च्या जानेवारींत एका गृहस्थानें त्यांस पत्रानें विचारलें. सेहेचाळीस वर्षांपूर्वीं समुद्रावर आपल्या मनांत काय होतें तें आज आठवलेंच पाहिजे असें बंधन कवीवर नाहीं, अशा अर्थाचें उत्तर वृद्ध न्यूमन ह्यांनीं पाठविलें. तें पत्र छापलेलें आहे.